तळं उघडलं का?

फोन वाजला तेव्हा व्हर्नाचे दोन्ही हात भातात होते. तळं उघडून, म्हणजे भात काढायला मोकळं होऊन, फार दिवस झाले नव्हते. शेडबाहेर ताडपत्र्यांवर ओला, हिरवा, कुसळांचा भात पसरला होता आणि घराघरांतून आणखी पोती येऊन पडत होती. तिनं हात झटकले, पँटला पुसले आणि रिसीव्हर उचलला. हा धंद्याचा फोन. नव्या भातासाठी शहरातली गिऱ्हाइकं या दिवसांत नुसती मागे लागतात, म्हणून तिचा आवाज आपसूक गोड झाला.

"बोला, गूडस्काय भातभट्टी."

"एल्रॉय गूडस्काय यांची बहीण आपणच का?" पुरुषाचा आवाज होता, जपून जपून बोलणारा. "मी डुलुथहून बोलतोय, दवाखान्यातून. तुमच्या भावाबद्दल जरा..."

व्हर्नानं रिसीव्हर ठेवला. ठेवला कसला, आदळला. फोन लगेच पुन्हा वाजायला लागला. ती दोन पावलं मागे सरली, शेडमध्ये कुणी नाही ना ते पाहिलं, मग वाकून भिंतीतली वायर उपटली. फोन अर्ध्यात गप्प झाला.

असा जपून बोलणारा आवाज तिनं आयुष्यात दोनदा ऐकला होता. एकदा आई गेली तेव्हा, एकदा नवरा गेला तेव्हा. चांगली बातमी द्यायला माणूस इतकं जपून बोलत नाही. 

आता आमच्यात, इथल्या मूळ लोकांत, सुतक कसं पाळतात ते सांगायला हवं, नाहीतर बाई वेडी होती की काय असं वाटायचं. घरातलं माणूस गेलं की आम्ही भाताला हात लावत नाही. तळ्यावर जात नाही, नवा भात खात नाही, तान्ह्या पोरांना उचलून घेत नाही. वर्ष सरलं की चार माणसं तुम्हाला बोलावून बसवतात, त्यांच्या हातानं नव्या भाताचा पहिला घास भरवतात, मग तुम्ही मोकळे. हा विटाळ नव्हे. दुःख जड असतं, आणि भात व तान्ही पोरं यांना ते पेलत नाही, एवढंच. आमचा भात कुणी पेरत नाही, तो पाण्यात आपला आपण उगवतो. त्यामुळे तो रुसला तर पुन्हा पेरून आणायची सोय नाही.

आणि मागच्या साली तो आलाच नव्हता. ऐन उन्हाळ्यात पाऊस इतका झाला की तळं फुगून रोपं मुळासकट वर आली. वर्षभर वस्तीनं बटाट्यांवर काढलं. यंदा लोंब्या धरल्या तेव्हा म्हातारे लोक काठावर उभे राहून बघत बसायचे, बोलायचे नाहीत. दृष्ट लागेल म्हणून.

हे सगळं व्हर्नाच्या डोक्यात उभं राहिलं. फोनवरचा माणूस वाक्य पुरं करता, तर तिला त्या क्षणी भातापासून उठावं लागलं असतं. ओला भात कढईत भाजल्याशिवाय टिकत नाही; ती उठली असती तर भाजणार कोण? वस्तीत बाकी कुणाला भाजता येत नव्हतं असं नाही, पण ज्यांना येई ते म्हातारे झाले होते आणि ज्यांना शिकवलं ते अजून जाळून ठेवत. शिवाय ती एकटी थोडीच उठली असती? एल्रॉयची पोरगी रेना भट्टीवरच कामाला होती. सुतक तिलाही.

म्हणून व्हर्नानं ठरवलं की आपण काही ऐकलंच नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला सुतक नाही. मनाची अशी समजूत घालून ती पुन्हा भातात बसली.

भट्टी दोघा बहीणभावांनी घातलेली. त्याआधी बाहेरच्या व्यापाऱ्याचे ट्रक काठावर उभे राहायचे आणि ओला भात जागच्या जागी उचलून न्यायचे. भात आमचा, पण भाजणं, मळणं, पाखडणं सगळं दुसरीकडे, आणि खोक्यावर पिसं लावलेल्या कुठल्याशा बाईचं चित्र. आमच्या पोरांना मळणी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. एल्रॉय एके दिवशी म्हणाला, "व्हर्ना, आपल्या भाताला आपल्याच पोरांचे पाय लागले नाहीत तर तो आपला कसला?" त्यानं स्वतः मळणीचा खड्डा खणला, फळ्यांनी मढवला. मऊ कातड्याचे जोडे घालून, दोन्हीकडच्या दांड्यांना धरून तो भातावर असा काही नाचायचा की तूस सुटे, पण दाणा मोडत नसे. आज निम्म्या वस्तीची पोरं त्या खड्ड्यात नाचायला शिकलीत. रस्त्यावरची पाटीही त्यानंच रंगवली. वर आपल्या भाषेतलं नाव, खाली फोन नंबर. नंबराचे आकडे इतके मोठे की लोक हसायचे.

असा माणूस. पण दारूनं त्याला धरलं. या वसंतात बर्फ वितळता वितळता तो निघून गेला आणि नंतर काही पत्ताच नाही.

"आत्या, बाबाचा फोन आला होता का गं?" दुपारी रेनानं विचारलं. हे ती रोज विचारायची, तेही दुसरीकडे बघत, जसं काही तिला पडलेलंच नाही.

"फोन बंद पडलाय," व्हर्ना म्हणाली.

"कधीपासून?"

"मला काय माहीत? आज बघितलं तर बंद."

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, निभवायला लागते. गिऱ्हाइकांचा फोन ऐन हंगामात बंद म्हणजे काय चेष्टा आहे? संध्याकाळपर्यंत हॉलिस काका येऊन ठेपला. हॉलिस काका आमच्या तळ्याचा कारभारी. भात पिकला की नाही हे तोच बघतो, तो हो म्हणेपर्यंत एकही होडी पाण्यात जात नाही. ऐंशीच्या पुढचा, दात तीन, जीभ मात्र शाबूत.

"काय गं, फोन बंद म्हणे? का कुणा गिऱ्हाइकानं प्रेमात पडून त्रास दिला?"

"काका, कामात आहे मी."

"आणि हे हातमोजे कसले? लग्नाला चाललीस का?"

व्हर्नानं खरंच हातमोजे चढवले होते. कढईशी उभी राहून लाकडी वल्ह्यानं भात परतताना आजवर तिनं कधी हातमोजे घातले नव्हते. भाजलेला दाणा बोटांत चोळून बघायचा, तर उघडी बोटंच हवीत. पण त्या फोननंतर तिला उघड्या हातांनी भात धरवेना. "भाजलंय जरासं," ती म्हणाली. हॉलिस काकानं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि काठी टेकत गेला. तो चिडवत राहिला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

पुढचे दिवस व्हर्नानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. फोन मेलेला होता, तरी तिला तो वाजल्याचा भास होई. सकाळी होड्या निघायच्या. एकजण मागे उभा राहून लांब काठीनं होडी रेटणार, दुसरा दोन टिपऱ्यांनी लोंब्या वाकवून झोडणार. तो टकटक आवाज पाण्यावरून यायचा, आणि एरवी त्या आवाजानं तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. आता ती मान वर करून तळ्याकडे बघत नव्हती. आपण बघितलं आणि तळ्याला कळलं तर?

मग एक कढई जळली. नुसती लागली नाही, चांगली काळी झाली. पोरीबाळींनी नाकाला हात लावले. व्हर्नाच्या हातून कढई जळणं ही काही साधी गोष्ट नव्हती. ती जळका भात घमेल्यात घेऊन शेडमागे गेली, आमच्या रीतीप्रमाणे नैवेद्य म्हणून खिशातली तंबाखू काढून मातीवर ठेवली आणि म्हणाली, "मला ठाऊक नाहीये. खरंच ठाऊक नाहीये." कुणाला म्हणाली, कोण जाणे.

त्याच दुपारी वारा सुटला आणि तळ्याच्या वरच्या अंगाची उभी रोपं आडवी झाली. ऐन हंगामात वारा सुटतोच, दर साली सुटतो. पण भ्यायलेल्या माणसाला हे कोण सांगणार?  म्हणजे सुरुवात झाली, आता एक एक जाणार, असं व्हर्नानं धरूनच टाकलं.

रेनाची पोर आठ महिन्यांची. जन्म ऐन थंडीतला, पण नाव उन्हाळ्यावरून, नीबिन. रेना तिला पाठीशी बांधून पाखडायला बसायची. भूर्जसालीच्या सुपात भात उडे, तूस वाऱ्यावर जाई, आणि पाठीवरून नीबिन ते धरायला हात नाचवी. रोज दहादा व्हर्नाच तिला उचलायची, मुके घ्यायची. आता पोर तिच्याकडे झेपावली की ती काहीतरी काम काढून उठे.

"आत्या, तुझं काही बिनसलंय का माझ्यावर?" शेवटी रेनानं विचारलंच.

"नाही गं."

"मग पोरीला का टाळतेस? बाबानं टाकलं, आता तूही टाक."

 तेवढ्यात पलीकडच्या चुलीवरची कढई धुरायला लागली, रेनानं "धर गं जरा" म्हणत पोर व्हर्नाच्या हातांत कोंबली आणि धावली. नीबिननं आत्याआजीचा हातमोजा धरून ओढला. तो निघाला. तिनं व्हर्नाचं उघडं बोट तोंडात घातलं आणि चघळायला लागली.

व्हर्ना तशीच उभी राहिली. पोरीला खाली ठेवायला जागा नव्हती, आणि बोट काढून घ्यायची ताकद नव्हती.

संध्याकाळी नीबिनला ताप चढला. अंग इतकं तापलं की रेना रडकुंडीला आली. शेजारच्याची गाडी घेऊन ती दूरच्या दवाखान्यात निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "आत्या, तू येतेस ना?" व्हर्नानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. रेनानं दार आपटलं.

गाडी वळणाआड गेली. व्हर्ना धावतच हॉलिस काकाकडे गेली. म्हातारा पायरीवर बसून मासा साफ करत होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन, तो आवाज, वायर, हातमोजे, जळलेली कढई, पोरीचा ताप. सांगता सांगता हुंदके द्यायला लागली.

"काका, मी मारलं पोरीला. तळंही मारलं मी."

हॉलिस काकानं सुरी खाली ठेवली. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

"एल्रॉय मेला असं त्या माणसानं सांगितलं तुला?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. पण काका, तो आवाज..."

"आवाजाचं सोड. तू पुरतं ऐकलंस का?"

व्हर्ना त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"भात वाचवायला बघत होतीस," म्हातारा हळू म्हणाला. "पोरी, भाताची काळजी करायला मी आहे, तळं आहे. एल्रॉयला कोण होतं?"

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. व्हर्नानं तोंडावर हात घेतले.

दोघं शेडमध्ये आले. आजपासून भाताला हात लावायचा नाही, असं हॉलिस काकानं बजावलं. तिनं वायर भिंतीत खोचली. डुलुथमधला नेमका कुठला दवाखाना ते तिनं ऐकलंच नव्हतं. म्हाताऱ्यानं एकदोन ठिकाणी फोन लावून पाहिले, पण तुम्ही नात्याचे कोण असं विचारून त्यांनी काही सांगितलं नाही. व्हर्नाला फोन लावायला सांगितलं तर तिचं बोट आकड्यावर टेकेना. "सकाळी," ती म्हणाली, "सकाळी नक्की लावते, काका." त्यानं फार ताणलं नाही. मग दोघं फोनकडे बघत बसले. इतके दिवस जो वाजेल म्हणून ती मरत होती, तो आता वाजावा म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती. फोन वाजला नाही.

उजाडलं. तळ्यावर धुकं होतं आणि काठावर होड्यांची जमवाजमव चालली होती. एल्रॉय दवाखान्यात असेल, नुसता आजारी असेल, पायबीय मोडला असेल, असं आता पहिल्यांदाच व्हर्नाच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर तिला इतकी आशा वाटली की भीतीच वाटली. त्याला आणायला जाऊ. मळणीच्या खड्ड्याशी खुर्ची टाकून बसवू. नाचता नाही आलं तर पोरांवर ओरडेल तरी.

गाडी आली. रेना उतरली, डोळे सुजलेले, पण हसत होती. पोर कडेवर खिदळत होती.

"दात, आत्या! नुसता दात येतोय म्हणे. डॉक्टर हसला मला." तिनं नीबिनचा ओठ खाली ओढून दाखवला. गुलाबी हिरडीतून पांढरी कणी वर आलेली. "काल तुझं बोट चावत होती ना, ते उगाच नाही." मग जरा ओशाळून, "संध्याकाळी दार आपटलं, रागावू नकोस."

व्हर्नाला हसावं की रडावं कळेना. सगळी भीती एका दाताची! तिनं पोरीकडे हात पुढे केले, आणि फोन वाजला.

हॉलिस काकानं मानेनंच 'उचल' म्हणून खुणावलं. रेना म्हणाली, "अरे, सुरू झाला की!" आणि पोरीला कडेवर सावरत ताडपत्रीपाशी जाऊन भात हातानं हलवायला लागली, वाळला की नाही बघायला. व्हर्नानं रिसीव्हर उचलला. या वेळी तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता.

"एल्रॉय गूडस्काय यांची बहीण?" तोच आवाज. आता जपून नव्हता, थकलेला होता. "बाई, मी किती दिवस तुमचा फोन लावतोय."

"हो. मीच. कसा आहे तो?"



"आज पहाटे गेले ते. आम्ही खूप प्रयत्न केले. यकृत पार गेलं होतं."

आज पहाटे. व्हर्नाच्या मनात जो पहिला विचार आला तो भाताचा होता. आज पहाटे, म्हणजे मी हात लावला तो सगळा भात बरा आहे. कढई जळली ती माझ्या लक्ष नसण्यानं, वारा सुटला तो सुटायचाच होता. पोरीला काही झालं नाही, तळ्याला काही झालं नाही. हा विचार तिच्या मनात पुरता उमटला आणि मग त्याच्या मागचा दुसरा विचार आला. म्हणजे मी वायर उपटली तेव्हा तो जिवंत होता.

"पहिले काही दिवस शुद्धीवर होते," तो माणूस सांगत होता. "खिशात कागद नाही, काही नाही. हा एक नंबर मात्र तोंडपाठ. म्हणायचे, हा मी रंगवलाय, हा चुकायचा नाही. मी तुम्हाला लावला तेव्हा ते माझ्या शेजारीच होते. फोन त्यांच्याकडेच देणार होतो मी. लाइन तुटली. मग लागेचना."

  "काही म्हणाला का तो?"

"घरी न्या असं म्हणाले नाहीत. कशाची तक्रार नाही. एकच विचारत होते, सारखं. मला त्याचा अर्थ नाही कळला. तळं उघडलं का, असं. मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगतो."

बाहेर पहिली होडी पाण्यात शिरली आणि टिपऱ्यांची टकटक सुरू झाली. हॉलिस काका डोकं खाली घालून बसला होता.

"उघडलं," व्हर्ना म्हणाली. "सांगा त्याला, उघडलं म्हणावं. भात चांगला आलाय यंदा. सांगा ना हो त्याला."

तिचा आवाज चढला तशी रेनानं वळून पाहिलं. ती आत्याकडे बघत राहिली, मग हॉलिस काकाकडे. कुणी तिला काही सांगितलं नाही. तिनं मुठीतला भात ताडपत्रीवर सोडला, हात अंगापासून लांब धरला, आणि एकेक पाऊल मागे घेत भातापासून दूर झाली. मग पोरीला कडेवरून उतरवून हॉलिस काकाच्या मांडीवर ठेवलं.